शिक्क्यावरून ओतलेले गणपती

माझी बायको वारली तेव्हा दहाव्याला जमलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "हिनं नवऱ्यापासून कधी म्हणून काही लपवलं नाही." मी शेजारीच बसलो होतो. मेलेल्या माणसाबद्दल चारचौघांत वाकडं बोलू नये एवढं मला कळतं. पण खोटं ते खोटंच. तिनं लपवलं, आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट लपवली. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला गोड लिहिता येत नाही. जसं झालं तसं लिहितो.

आम्ही खानदेशातले. लग्नानंतर मी धुळ्याला सायकलचं दुकान टाकलं, ते बसलं. मग नंदुरबारला रसवंती लावली, तीही बसली. तेव्हा सिल्वासात नवेनवे कारखाने येत होते. गावचा एक जण म्हणाला, तिकडं गेटवर नुसतं उभं राहिलं तरी कामाला घेतात. तसंच झालं. प्लास्टिकच्या कारखान्यात मला मशीनवर लावलं. पाण्याचे मग, डबे, साबणदाण्या. साच्यात गरम प्लास्टिक जायचं, मी दार उघडून माल काढायचा, परत दार लावायचं. शिफ्टभर तेच. किलवणीच्या रस्त्याला चाळीत एक खोली मिळाली. पोरगी लहान होती.

सरकारी कचेऱ्यांच्या बाजूला एक रबरी शिक्के करणारा बसायचा. नाशिककडचा. कारखाना नवा आला की शिक्के नवे लागायचे, त्यामुळं त्याला फुरसत नसायची. त्याला बहीण नव्हती, माझ्या बायकोला भाऊ नव्हता. एका वर्षी तिनं त्याला राखी बांधली, आणि त्या दिवसापासून तो भाऊ आणि ती अक्का. मला तो दाजी म्हणायचा.

नावांच्या शिक्क्यांबरोबर तो चित्रांचे शिक्केही करायचा. मोर, कमळ, कलश. दुकानदार बिलांवर मारायला न्यायचे. एखादा शिक्का फसला की तो आमच्या पोरीला खेळायला द्यायचा. पोरगी चिकणमातीच्या गोळ्यावर मोर दाबत बसायची. बायकोनं ते बघितलं. भिंतीचं भोक बुजवायला मी प्लास्टर आणलं होतं, त्यातलं उरलेलं तिनं पाण्यात कालवलं आणि मोराच्या खळग्यात ओतलं. सुकल्यावर माती सोडवली तर हातात मोर. उठून आलेला, पिसांच्या रेघांसकट.

मी ड्यूटीवरून आलो तेव्हा तिनं तो माझ्यापुढं ठेवला. मी म्हटलं, "अगं, मी कारखान्यात हेच करतो."

"तुमच्या साबणदाणीला पिसं आहेत का?" ती म्हणाली.

मग ती त्यात शिरलीच. माती कणकेसारखी मळायची, दगड-काडी राहू द्यायची नाही. शिक्क्याला खोबरेलाचं बोट लावायचं, म्हणजे माती चिकटत नाही. शिक्का सरळ दाबायचा आणि सरळच उचलायचा, हात हलला की चित्र गेलं. प्लास्टर ओतलं की पाट खालून ठोकायचा, बुडबुडे वर येतात. पातळ तुकडे मोडायचे म्हणून तिनं एक युक्ती काढली. प्लास्टर ओलं असताना पाठीमागं माझ्या जुन्या बनियनची चिंधी बसवायची. त्यानंतर एकही तुकडा मोडला नाही. वरून सोनेरी पावडर, आणि तो तुकडा जाड कागदाच्या कार्डावर चिकटवायचा.

साहेबलोकांच्या बायका पुण्या-मुंबईच्या. त्यांना सिल्वासात करमायचं नाही. दिवाळीला नातेवाइकांना पाठवायला असलं हातानं केलेलं कार्ड त्यांना फार आवडलं. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला.

अक्षरांची मात्र पहिल्यांदा फजिती झाली. शिक्केवाल्यानं "शुभ दीपावली"चा शिक्का दिला, हिनं तो दाबून प्लास्टर ओतलं, तर सगळी अक्षरं उलटी. आम्ही तिघंही पोट धरून हसलो. मग तो समजावून सांगायला लागला. शिक्क्यावर अक्षरं उलटीच असतात, म्हणून कागदावर सुलटी उठतात. पण मातीत दाबून परत ओतलं की पुन्हा शिक्क्यासारखीच उलटी होतात. त्यानं मुद्दाम सुलट्या अक्षरांचा शिक्का करून दिला. मोराचं काही अडत नव्हतं. तो इकडं बघो नाहीतर तिकडं, मोर तो मोर.

दोन दिवाळ्या अशा गेल्या. माझ्या डोक्यात घुसलं की हे आता कारखान्याच्या वर जाणार. मी रोज तेच दार उघडून तेच दार लावत होतो, आणि घरी बायकोच्या हातात असं काही होतं की लोक दारात येत होते. मला स्टँडजवळ गाळा घ्यायचा होता. ती ओतणार, मी रंगवणार, पोरगी चिकटवणार. बोर्डावर काय लिहायचं तेसुद्धा ठरवलं होतं. तिला विचारलं की ती म्हणायची, "बघू."

तेवढ्यात दसऱ्याच्या सुमाराला एका मॅनेजरसाहेबांच्या मुलीच्या लग्नपत्रिका आल्या. सगळ्या हातानं करायच्या, प्रत्येकीवर ओतलेला गणपती. शिक्केवाल्याकडं गणपतीचा सुंदर शिक्का होता, डाव्या सोंडेचा, तोच त्यानं दिला. मी दुसऱ्याच दिवशी सुपरवायझरला सांगून टाकलं, दिवाळीचा बोनस घेतला, महिना भरला की मी नाही.

दिवाळी झाल्यावर पत्रिका तयार झाल्या. मी आणि बायको खोक्यात भरून साहेबांच्या बंगल्यावर घेऊन गेलो. साहेबीणबाई खूश. म्हणाल्या, "थांबा, आईंना दाखवते." आतून साहेबांची म्हातारी आई आली. पत्रिका हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणि दुसऱ्या हातानं सुनेला थांबवलं.

"हा उजव्या सोंडेचा आहे."

"काय फरक पडतो, आई?"

"उजव्या सोंडेच्या देवाचं सोवळं किती कडक असतं माहीत आहे? आणि पत्रिका लोक लग्न झालं की रद्दीत घालतात. तिथं कोण पाळणार त्याचं सोवळं? माझ्या नातीच्या लग्नात हे नको."

मी पत्रिका ओढून घेतली. शिक्क्यावरून गणपती कागदावर उठवला तेव्हा मी स्वतः बघितलं होतं, सोंड डावीकडं होती. इथं उजवीकडं. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. अक्षरं उलटी झाली होती, तशीच सोंड उलटली होती. अक्षरांवर आम्ही हसलो होतो आणि देवाच्या बाबतीत आमच्या लक्षातच आलं नव्हतं. मी बायकोकडं बघितलं. ती खाली मान घालून उभी होती.

पत्रिका परत आल्या. प्रत्येक गणपती आम्ही पात्यानं उचकटून काढला. ते फेकता तर येत नाहीत. पिशवीत भरून दोघं दमणगंगेवर गेलो. पाण्याशी उभं राहून एकेक सोडत होतो तर धुणं धुणारी एक बाई म्हणाली, "काका, आता कसलं विसर्जन? बाप्पा तर कधीच गेले." मी पुढचा गणपती पाण्यात सोडला. बायकोच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला वाटलं, हिला धक्का बसलाय.

साहेबीणबाईंनी गावभर सांगितलं नसेल, पण म्हातारीनं नक्की सांगितलं. पुढं कुणी आलं नाही. मी मान खाली घालून सुपरवायझरकडं गेलो. तो हसला. "काय शेठ, दुकान उघडलं नाही का?" त्यानं मला ठेवून घेतलं, तेच मशीन दिलं. मशीनवरची पोरं बरेच दिवस मला शेठच म्हणायची.

होळीच्या आधी मी कचेरीच्या बाजूनं चाललो होतो. शिक्केवाल्याच्या काचेच्या कपाटात ओतलेले गणपती मांडलेले. डाव्या सोंडेचे. मी एक उचलला, उलटा केला. पाठीमागं चिंधी.

मी त्याची गचांडी धरली. "ही युक्ती कुणाची रे? आं? शिक्के करणारा तू, जन्मभर उलटं कोरणारा, तुला सोंड दिसली नाही? दिसली, पण बोलला नाहीस. आमचं बुडवायचं आणि आपलं उघडायचं होतं तुला."

तो म्हणाला, "दाजी, सोडा. दाजी, लोक बघतायत." एवढंच. उलट शब्द बोलला नाही. ती त्याच्या चोरीची खूण, असं मी धरून चाललो.

घरी येऊन मी सांगितलं, आजपासून तो मेला. बायको म्हणाली, "बरं." त्यानंतर कित्येक भाऊबिजा आल्या. मी त्याला दारात येऊ दिलं नाही, तिला त्याच्याकडं जाऊ दिलं नाही. ती अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. मी दारातून बघायचो आणि मला बरं वाटायचं. बाई माझ्या बाजूनं उभी आहे, मानलेल्या भावापेक्षा नवऱ्याचा अपमान तिला मोठा वाटतोय. असं मी समजत होतो. त्या जिवावर मी ते मशीन ओढलं.

पोरगी कॉलेजात गेली त्या वर्षाची गोष्ट. रविवारी दुपारी शिक्केवाला आणि त्याची बायको आमच्या दारात. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. हातात पत्रिका, हळद-कुंकू, तांदूळ. केस पिकले होते त्याचे.

"अक्काला न्यायला आलोय. आत्याच्या जागी दुसरं कोण आहे?"

मी उंबऱ्यात आडवा उभा राहिलो. "चोराघरच्या लग्नाला आम्ही येत नसतो."

तो परत गेलाही असता. पण त्याच्या बायकोला ते लागलं. ती म्हणाली, "बास झालं हो. किती वर्षं ऐकून घ्यायचं? तुम्ही सांगता की मी सांगू?"

तो माझ्याकडं नाही, माझ्या मागं बघत होता. तिथं माझी बायको उभी होती.

"दाजी," तो म्हणाला, "त्या भाऊबिजेला मी ओवाळून घ्यायला आलो होतो. तुम्ही ड्यूटीवर होता. पाटावर पहिले गणपती सुकत होते. मी बघितल्याबरोबर सांगितलं, अक्का, सोंड उलटी आलीय, दोन दिवस दे, उलटा शिक्का करून देतो. ती म्हणाली, राहू दे. मी म्हटलं, राहू दे काय? देवाचं आहे. तर तिनं तबक खाली ठेवलं आणि म्हणाली, मला ओवाळणी नको, तू फक्त गप्प राहा. ह्यांना कधी सांगू नको. हीच माझी ओवाळणी. मग मी काय करणार?"

"आणि कपाटातले गणपती?"

"तिनंच शिकवलं. म्हणाली, माझं आता बंद झालं, तू कर."

त्याच्या बायकोनं पत्रिका उंबऱ्यावर ठेवली, वर तांदूळ ठेवले, आणि दोघं गेली.

मी आत वळलो. ती स्टोव्हपाशी जाऊन बसली होती.

"खरं आहे?"

"खरं आहे."

"उलटे आहेत हे माहीत असून चिकटवत बसलीस? माझ्यासमोर?"

"हो."

"का?"

"तुम्ही नोकरी सोडत होता."

"मग तोंड नव्हतं का तुला? सोडू नका म्हणायचं."

"तोंडानं सांगून तुम्ही कधी थांबलात?" ती पहिल्यांदा वर बघून बोलली. "रसवंतीच्या वेळी माझ्या बापानं हात जोडले होते. थांबलात? धुळ्यातून चूल उचलली, नंदुरबारातून उचलली. पोरगी नुकती शाळेत रुळली होती. मला परत चूल उचलायची नव्हती."

"म्हणून देवाला मधे घातलंस?"

"देवाची माफी मागितली मी. नदीवर."

"आणि माझी?"

तिनं स्टोव्हला पंप मारला. म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी काढलं असतं."

मला तिला मारावंसं वाटलं नाही, रडावंसंही वाटलं नाही. मला ते सगळं आठवायला लागलं. पात्यानं गणपती काढताना ती माझ्यापेक्षा भरभर काढत होती. सुपरवायझरकडं जाताना माझा सदरा तिनं इस्त्री करून दिला होता. आणि तो चंद्र. माझ्यासाठी नव्हतं ते. भावानं शब्द पाळला म्हणून ती त्यालाच ओवाळत होती.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. दार उघडलं, साबणदाणी काढली, दार लावलं. इतकी वर्षं मला वाटत होतं नशिबानं मला इथं उभं केलंय. नशीब नव्हतं ते. घरातल्या माणसानं ठरवून उभं केलं होतं.

त्या लग्नाला ती गेली, आत्या म्हणून मिरवली. मी गेलो नाही. त्यावर आम्ही परत कधी बोललो नाही. त्याच कारखान्यातून मी रिटायर झालो. पोरगी म्हणते, "बाबा, आईचं बरोबर होतं. तुमचा पगार चालू राहिला म्हणून मी शिकले." असेल. गाळा दोन वर्षांत बसलाही असता. पण माझ्या हातानं बसला असता. मला बुडायचं की नाही हे दोघांनी माझ्या मागं, ओवाळणीच्या तबकाशी बसून ठरवलं.

ती गेली त्या दिवशी शिक्केवाला आला. सवाष्ण गेलेल्या बाईला माहेरची साडी लागते. तिचं माहेर कधीच संपलेलं. त्यानं हिरवी साडी आणली होती. मी अडवलं नाही. त्यानं ती तिच्या अंगावर घातली, पायाला हात लावला, आणि लहान पोरासारखा रडला. माझ्याआधी तोच रडला.

जाताना माझा हात धरून म्हणाला, "दाजी, दुकानावर येत जा. बसू."

घरात मला करमत नाही. ती माती कशी मळायची, पाट कसा ठोकायची, हसताना तोंडावर पदर कसा धरायची, हे बोलायला कुणीतरी पाहिजे. पोरीला त्यातलं निम्मंही आठवत नाही. ज्याला आठवतं असा एकच माणूस उरलाय, आणि त्याच्याकडंच माझं पाऊल वळत नाही.