बर्व्यांचा क्रॉस आणि शैलाचा पाळणा

शैलाचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून नुकती आत आले होते, पायातले बूटसुद्धा काढले नव्हते. "अगं, हे गेले," एवढंच ती म्हणाली. मी तशीच खुर्ची ओढून बसले. मग ती म्हणाली, "बारा वाजून गेले होते बघ... म्हणजे घड्याळात. त्यांचे अजून वाजायचे होते." दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, बाईला धक्का बसलाय, काहीतरी बोलतेय. मला मात्र ते बरोबर कळलं, आणि तिथेच मला रडू फुटलं.

शैलाचे यजमान बर्वे हे आमचे इथले, कॅनडातल्या केंब्रिजमधले, सगळ्यांत जुने स्नेही. ते आणि आमचे हे एकाच कारखान्यात, गाड्यांच्या. बर्व्यांचं काम मोजमापाचं. गाडीचं दार चौकटीत बसतंय का, फट सगळीकडे सारखी आहे का, हे बघण्यात जन्म गेला. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. आमच्याकडे जेवायला आले की आधी भिंतीवरचा फोटो सरळ करायचे आणि मग पानावर बसायचे. बायपास झाल्यावर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तर हा माणूस जाणार कुठे, तर गावातल्या जुन्या स्कॉटिश लोकांच्या दफनभूमीत! "तिथे ट्रॅफिक नाही, वहिनी, आणि कुणी बोलत बसत नाही." शैला बिचारी काय करणार... स्मशानातून आलेला माणूस म्हणून त्यांना दारातून थेट शॉवरला पाठवायची. बाहेर उणे वीस असलं तरी सुटका नाही. बर्वेही निमूट जायचे.

त्या दफनभूमीत काही उंच दगडी क्रॉस आहेत. साधे नव्हेत, केल्टिक. दोन दांड्या एकमेकींना छेदतात तिथे भोवती दगडाचं गोल कडं असतं. त्या कड्याने बर्व्यांना जे धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. त्यांचं म्हणणं, कडं म्हणजे सूर्य आणि दांड्यांची चार टोकं म्हणजे वर्षाचे चार सांधे, दोन अयनं आणि दोन संपात. आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या लोकांनी वेळ आणि ऋतू मोजायचं साधनच दगडात कोरून ठेवलं. "हे तर आपलं पंचांग आहे, वहिनी, फक्त उभं केलेलं!" मी लायब्ररीतून पुस्तक आणून त्यांना वाचून दाखवलं, की बरेच अभ्यासक हे मानत नाहीत, कडं बहुधा जड दांड्यांना आधार म्हणून असावं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल की. एका कड्याने दोन कामं केली तर कुणाचं काय बिघडलं?" कपाळ माझं!

मग बेसमेंटमध्ये महिनाभर खटपट करून त्यांनी मेपलच्या लाकडाचा तसाच एक क्रॉस केला. कड्यावर अंश कोरले, मध्ये एक खिळा ठोकला आणि खाली ओळंबा सोडला, गवंडी लावतात तसा. ओळंबा स्थिर झाला की खिळ्याची सावली अंशांवर पडते. सूर्य चढतो तशी ती सरकते आणि तो सगळ्यांत वर पोचला की थबकते, ते खरे बारा. केंब्रिजमध्ये उन्हाळी वेळ लागली, की हे खरे बारा घड्याळात सव्वा वाजून गेल्यावर येतात. इथवर ठीक होतं. पण नंतर रामनवमी आली.

रामनवमी आमच्या बेसमेंटमध्ये होते, पहिल्यापासून. बाराच्या ठोक्याला शैला पाळणा म्हणते आणि मी दोरी ओढते. त्या वर्षी, २०१६ असेल, बर्वे तो क्रॉस काखोटीला मारून जिना उतरले. बायका बघतच राहिल्या. एक आजी म्हणाल्याच, "अहो, रामाच्या पाळण्यापाशी क्रूस कसला आणलात?" बर्वे शांतपणे म्हणाले, "क्रूस नाही, घड्याळ आहे. राम मध्यान्हीला जन्मला आणि मध्यान्हीला अजून सव्वा तास तरी आहे. तुम्ही सरकारी वेळेने देवाला जन्माला घालताय." हलकल्लोळ झाला नुसता. मुलांचे स्विमिंग क्लास, थंड होणारं जेवण, उपाशी म्हातारी माणसं... शेवटी मीच सांगितलं, की बर्वे, माझ्या घरात राम बाराला जन्मतो. त्यात माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. पण ते वर निघून गेले, ते पुन्हा रामनवमीला आलेच नाहीत.

शैला मात्र दर वर्षी यायची. पाळणा म्हणायची, सुंठवडा घ्यायची आणि न जेवता निघायची. मला वाटायचं, नवरा रुसलाय म्हणून ही ओशाळते.

यंदा ती येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. दिवस होऊन थोडेच आठवडे झाले होते. ती जिना उतरली तसं कुणीतरी पुटपुटलं, वर्षभर सण नसतो ना. शैला म्हणाली, "राम काय एकट्या माझ्या घरी जन्मतो?" आणि तिने पाळणा म्हटला, आवाज जराही न हलता. मग नेहमीसारखी कोट घालायला लागली. मी म्हटलं, "आज तरी जेव गं. घरी कोण वाट बघतंय?" बोलले आणि जीभ चावली. ती म्हणाली, "घरचा पाळणा राहिलाय अजून."

तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं ही बाई रामाचा पाळणा दोनदा म्हणत आली होती. एकदा आमच्याकडे, घड्याळाच्या बाराला आणि एकदा स्वतःच्या घरामागच्या लाकडी डेकवर, बर्व्यांच्या बाराला. ते क्रॉस धरून उभे राहायचे आणि "हं, आता" म्हणाले की ती सुरू करायची.

मी वाढायचं दुसऱ्यांवर सोपवून तिला घरी घेऊन गेले. क्रॉस किचनच्या खिडकीत टांगलेला होता. तो हातात घेऊन ती डेकवर आली आणि तिचा चेहरा एकदम पडला. "मला हे बघता येत नाही गं. मी कधी शिकलेच नाही. तेच सांगायचे..." बारालाही न हललेला तिचा आवाज आता पार फुटला. आता सांगणारं कोण, एवढाच प्रश्न होता तिच्यापुढे.

बर्व्यांनी मला एकदा दाखवलं होतं, तसा मी क्रॉस धरला. वाऱ्याने ओळंबा हलत होता, तर तिने दोन्ही हातांचा आडोसा केला. सावली सरकत होती, सरकत होती. आणि मग सरकेनाशी झाली.

"हं, आता," मी म्हटलं.

ती गायली, अगदी शेवटच्या कडव्यापर्यंत. माझे हात भरून आले होते, पण मी क्रॉस खाली केला नाही.

तो क्रॉस आता पुन्हा तिच्या खिडकीत आहे आणि मी गेले की आधी त्याचा ओळंबा बघते. पुढच्या रामनवमीला तो आमच्याकडे येणार आहे. शैला पाळणा एकदाच म्हणेल, सावली थांबल्यावर. जेवण थंड झालं, तर बेसमेंटमध्ये मायक्रोवेव्ह आहे.