पाठीमागचा हात

उमरखेडला आमच्या समोर एक रेडिओ मिस्त्री राहायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या आईला ऐकू येईनासं झालं होतं. तिच्यासाठी तो ओसरीवर डालड्याच्या डब्यात जुन्या रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह बसवून एक यंत्र करत होता. माइकमधला बारीक आवाज ते मोठा करणार होतं. चालू यंत्राला तो एकाच हाताने शिवायचा, दुसरा पाठीमागे ठेवायचा. दोन्ही हात लावले तर झटका छातीतून जातो, असं त्यानं माझ्या सासऱ्यांना सांगितलं होतं.

एका दुपारी त्यानं मला बोलावलं. "ताई, माइकात बोलता काय?"

"मी कायले? माझा आवाज घरातच कोणाले ऐकू येत नाही."

"म्हणूनच तर. मोठ्यानं बोलणाऱ्याले यंत्र कायले पाहिजे?"

आईच्या कानाला हेडफोन होता. मी हळूच विचारलं, "अम्मा, जेवल्या काय?"

"नाही ना, बेटी. हा डब्यापासून उठन तवा जेवू."

मिस्त्रीनं पाठीमागचा हात पुढे आणून दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मला घरी जायचं होतं, तरी मी बसून राहिले आणि त्याच हळू आवाजात अम्माला आणखी एक गोष्ट विचारली.