रिकाम्यात काय पेटणार?

आमच्या मामाला सगळी गल्ली ‘अक्कलमामा’ म्हणते. कौतुकाने हं! मीही म्हणायचे. आता ते नाव कानावर पडलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मामा टँकर दुरुस्तीच्या कारखान्यात मुकादम. शाळा अर्ध्यात सुटली, पण डोकं तल्लख, ते मी नाकारत नाही. शेजारणीचं कपाट जिन्यात अडकलं, हमाल घामाघूम झाले, तर मामा वरून ओरडला, “अरे, साधी गोष्ट आहे, दारं काढा की त्याची!” दारं काढली, कपाट सुळकन वर. माझी लेक जेवेना म्हणून मी डॉक्टरकडे निघाले होते, मामाने तिच्या तोंडात बोट घालून बघितलं. दात येत होता. अशाने माणसाचा दरारा वाढतो. मामाला वाटायला लागलं, आपल्याला चटकन पटतं ते खरंच असतं. आणि आम्हीही माना डोलवायला लागलो.

माझा नवरा त्याच कारखान्यात वेल्डर. मामानेच चिकटवलेला. पेट्रोलच्या टाकीला भेग पडली की तिथे एक रीत आहे. टाकी आधी पाण्याने भरायची, भेगेपुरती जागा सोडायची, मगच वेल्डिंगला हात घालायचा. त्या दिवशी नळाला धार नव्हती आणि मालक घाई करत होता. तरी नवऱ्याने पाइप लावलाच. मामा खेकसला, “टाकी निथळलीस ना?”

“निथळली मामा. पण पाणी...”

“रिकामी आहे ना? मग रिकाम्यात काय पेटणार? भरलेली असती तर गोष्ट वेगळी. साधी अक्कल चालव की जरा!”

मामेसासऱ्याचा आणि मुकादमाचा शब्द, तोही चारचौघांत. नवऱ्याने पाइप काढला.

टाकी फुटली. माझ्या नवऱ्याचा डावा हात मनगटापासून गेला, एका कानाने ऐकू येईनासं झालं. जुना मिस्त्री दवाखान्यात भेटायला आला, तेव्हा त्याने मला समजावलं, की पेट्रोल ओतून टाकलं तरी त्याची वाफ आत कोंडून राहते, आणि भडका उडतो तो वाफेचाच. पाणी भरायचं ते तिला हुसकून लावायला. मी हे मामाला सांगितलं, तर तो काय म्हणाला माहितीये?

“म्हातारा काहीही बरळतो. रिकामी टाकी पेटत नाही. पेटली, म्हणजे रिकामी नव्हती. म्हणजे जावयाने नीट निथळली नाही. साधी गोष्ट आहे.”

हेच त्याने मालकालाही सांगितलं! मालकाला तेवढंच हवं होतं. हलगर्जी माणूस म्हणून नवऱ्याला कामावरून काढलं, आणि ही ख्याती अशी पसरली की दुसऱ्या कारखान्यात कोणी साधं पहाऱ्याला ठेवेना. हात गेला तेव्हा न रडलेला माणूस त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून रडला. मला विचारत होता, “मी निथळली होती ना गं?” अगं बाई, मी तिथे होते का! पण मला ठाऊक होतं.

मी तडक मामाच्या घरी गेले. खिडक्यांना नुकताच रंग दिलेला, थिनरचा डबा ओट्यावर पालथा घातलेला. मी तो उचलून मामापुढे आदळला.

“रिकामा आहे?”

त्याने हलवून बघितला. “पार रिकामा.”

मी काडेपेटी पुढे केली. “लाव काडी. तोंडाशी धर.”

“वेड लागलंय तुला,” म्हणत त्याने काडी काढलीसुद्धा. डब्यावर वाकला. काडी पेटीला टेकली आणि हात तिथेच थांबला. मामी स्वयंपाकघराच्या दारातून किंचाळली, “अहो, नको!”

“वास येतोय,” मामा म्हणाला.

“रिकाम्याला?”

त्याने काडी परत पेटीत ठेवली. चेहरा पांढराफटक. मला जराही दया आली नाही, खोटं कशाला बोलू! मी म्हटलं, “मामा, स्वतःच्या हाताची वेळ आली तेव्हा बरा थांबलास. आता चल मालकाकडे.”

त्याने चपला घातल्या. डबा आणि काडेपेटी मी पिशवीत टाकली.

मालकासमोर मामा चाचरत बोलला, पण बोलला. “टाकी जावयाने नीट निथळली होती. पाणी भरू नको, असं मीच सांगितलं. चूक माझी आहे.”

मालक खुर्चीत रेलून हसला. “भाचीने रडून वळवलं वाटतं तुम्हाला! अहो अक्कलमामा, रिकामी टाकी कधी फुटते का? साधी गोष्ट आहे!”

मामाचं स्वतःचंच वाक्य समोरून आलं होतं!

मी पिशवीतला डबा काढून मालकाच्या टेबलावर ठेवला. काडेपेटी मात्र मामाने घेतली आणि मालकाच्या हातात दिली.