गंगाधरमामांची मुक्कामी गाडी

फॅब्रिकेशनच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक भंगार आणि दुसरे किस्से. भंगार तरी महिन्याकाठी कुणी येऊन नेतं, किश्श्यांना मात्र गिऱ्हाईक नाही. कळमनुरीत माझं गेट, ग्रिल आणि ट्रॉल्यांचं दुकान आहे. गेल्या वर्षी एका पिकअपवर आम्ही खोली बांधली, तिचे किस्से इतके झालेत की कुणी चहाला बसलं तर मी आधीच सांगतो, घाई असेल तर बसू नका.

खोली गंगाधरमामांची. मामा म्हणजे एसटीचे रिटायर ड्रायव्हर. माझे सख्खे नव्हेत, अख्ख्या गल्लीचे मामा. रिटायर झाल्यावर त्यांनी हळदीची भाडी मारायला एक जुनी, छोटी पिकअप घेतली. एक दिवस दुकानात येऊन म्हणाले, "संजू, पिकअपवर ठेवता आली पायजे अन् पायजे तवा उतरवता आली पायजे, अशी खोली करून दे. आत पलंग, अन् संडास."

"संडास काहून, मामा?"

मामांनी आधी शटर अर्धं खाली ओढलं.

"तुझ्या मामीला ऑपरेशन झाल्यापासून लघवी धरवत न्हाई. अर्ध्या-अर्ध्या तासाला जावं लागते. पाच वर्षं झाली, बाई कुठं मुक्कामी गेली न्हाई. लगनं सोडली, कार्यक्रम सोडले. सिद्धेश्वरला सख्खी बहीण हाय, तिच्या दारात गेली न्हाई. अन् मी तीस वर्षं लोकाच्या बायका माहेरी पोचवल्या."

मी टेप काढला.

*

शब्बीरचाचा आमचे वेल्डर. चाळीस वर्षांचा हात. त्यांनी चार पायांवर उभी राहणारी खोली आखली. पिकअप मागं घेत तिच्या पोटाखाली घालायची, पाय काढून घ्यायचे आणि निघायचं. पंधरा दिवसांत सांगाडा उभा राहिला. मामांनी आरशात बघत, ड्रायव्हरी थाटात, एका दमात गाडी मागं घेतली.

ठण्ण! गाडी खोलीखाली शिरेचना. चार बोटं उंच.

"नाप बराबर हाय," शब्बीरचाचा म्हणाले. "गाडीच वाढली."

आम्ही तिघांनी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या. मग मामांनी कपाळावर हात मारून घेतला. माप घेतलं त्या दिवशी गाडीत वसमतच्या बाजाराला निघालेली हळदीची पोती होती. पोत्यांच्या वजनानं गाडीचे स्प्रिंगचे पाटे दबले होते. हळद उतरली आणि गाडी उठून उभी राहिली.

"पोती परत भरू," मी म्हणालो.

"अन् खोली पोत्यावर ठेवू?" असं म्हणून मामा खाली बसले आणि त्यांनी मागच्या चाकांची हवा सोडली. गाडी गपगुमान खाली बसली, आत शिरली. पंपानं हवा भरत गेलो तशी खोली आपसूक पायांवरून उचलली गेली. पुढं मी नवे पाय करून देतो म्हणालो, तर मामांनी ऐकलं नाही. "ऱ्हाऊ दे. जरा वाकलं तर काय बिघडलं?" आजही तीच रीत आहे.

*

मामीची तकलीफ गावात कळू नये, अशी मामांनी आम्हाला ताकीद दिलेली. पण दुकान रस्त्यावर. येणारा-जाणारा विचारायचाच, हे काय करून राहिले? शब्बीरचाचा प्रत्येकाला वेगळं सांगायचे. एकाला कुल्फीचा गाडा, दुसऱ्याला पिठाची फिरती गिरणी. एकाला म्हणाले, फिरतं चष्म्याचं दुकान.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर एक म्हातारबाबा पायरीवर बसलेले. हातात रुमाल, रुमालात दांडी निखळलेला चष्मा. खेड्यातून पहिल्या गाडीनं आले होते. मला तोंड वर करायची लाज वाटली. शब्बीरचाचांनी मात्र आपला चष्मा काढला, त्याच्या दांडीचा इवलासा स्क्रू बाबांच्या चष्म्याला बसवला आणि स्वतः आठ दिवस सुतळी बांधून फिरले.

बाबा जाताना म्हणाले, "दुकान चांगलं चाललं पायजे तुमचं."

*

संडासाचं मामांना सगळ्यात टेन्शन. सीट आली, घट्ट झाकणाची बादली आली, भिंतींना आतून फोम लावला. तरी त्यांचा एकच प्रश्न, आतला आवाज बाहेर येतो का? एक दिवस मामा आत गेले, कडी लावली. आम्ही दोघं बाहेर कान लावून उभे.

आतून मामा म्हणाले, "ऐकू येऊन राहिलं का?"

शब्बीरचाचा म्हणाले, "न्हाई."

मामा खुशीत बाहेर आले. पायरी उतरले, आणि दुसऱ्या पायरीवर थांबले. त्याच दिवशी फोमचा दुसरा थर लावला.

*

ज्यांच्यासाठी हे चाललं होतं, त्या शांतामामींना यातलं काहीच माहीत नव्हतं. विहारातल्या बायकांकडून त्यांना कळलं की मामा दुकानात खोली बांधतायत, म्हणून त्या बघायला आल्या. खोली पाहिली, संडास पाहिला, आणि सगळं समजल्या.

"माझी तकलीफ तुमी वेल्डिंगच्या दुकानात सांगितली?" एवढंच बोलल्या आणि निघून गेल्या.

आठ दिवस अबोला. मामा डब्यात स्वतः थापलेल्या भाकरी घेऊन यायचे. त्या भाकरींना कुठला आकार म्हणावा, हे ठरवण्यात आमची जेवणाची सुट्टी जायची. मामा हसायचे नाहीत. एकदा तर म्हणाले, "संजू, खोली मोडून टाक. गेट कर त्याचं कुणाला." ते ऐकून मला खरंच वाईट वाटलं.

नवव्या दिवशी मामी परत आल्या. सरळ आत चढल्या. पलंगाच्या वर मामांनी स्वतःच्या हातानं रंगवलं होतं, 'महिलांसाठी राखीव'.

"अन् तुमी कुठं झोपणार?" मामींनी विचारलं.

"ड्रायव्हर टपावर झोपतो. सवय हाय."

सवय खरीच. मामा कायम मुक्कामी गाडीवर असायचे. संध्याकाळची शेवटची एसटी गावात न्यायची, तिथंच झोपायचं, पहाटे परत आणायची. त्यातल्या एका गावाचं त्यांना फार कौतुक. चिंचेखाली गाडी लागायची आणि पहाटे एक म्हातारी गूळ घातलेला चहा आणून द्यायची. हे आम्ही शंभरदा ऐकलं होतं.

मामी म्हणाल्या, "ती चिंच, ती म्हातारी, सगळं पाठ हाय मला. तुमी तिकडं टपावर, अन् मी इकडं कडी लावून एकटी. तीस वर्षं झालं तेवढं पुरे. संजू, पलंगाची फळी दीड फूट वाढव."

शब्बीरचाचांनी लगबगीनं वेल्डिंगचा मुखवटा तोंडावर ओढला. मशीन बंद होतं.

*

मामी तयार झाल्या, पण एक अट घातली. "'गाडी थांबवा' हे मी दर वेळी तोंडानं सांगणार न्हाई. मला लाज वाटते."

मग शब्बीरचाचांनी केबिनमध्ये मामींच्या हाताशी जुन्या एसटीसारखी दोरीची घंटी बसवली. एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की चला. का थांबायचं, ते मामांनी विचारायचं नाही. मामांनीही अट घातली, दोन घंट्या आल्याबिगर ते गाडी हलवणार नाहीत.

निघायच्या दिवशी गल्ली जमा झाली. पहिला मुक्काम सिद्धेश्वर, बहिणीकडं. मामी केबिनमध्ये बसल्या, तोंड खिडकीकडं, हात मांडीवर. मामांनी इंजिन चालू केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"मामा, निघा की," मी म्हणालो.

"कंडक्टरनं घंटी दिली न्हाई."

आता मामी उतरतात की काय, असं मला वाटायला लागलं. मग मामींनी पदर खोचला आणि दोरी ओढली. टिण टिण.

*

वेल्डिंग कुठं सुटलं तर असावं, म्हणून मी आणि शब्बीरचाचा मोटारसायकलवर मागं. वाटेत थांबायची घंटी अकरा वेळा वाजली. गाडी थांबली की आम्ही शंभर पावलं मागं थांबायचो आणि पाठ करून शेताकडं बघत उभे राहायचो. पाचव्या वेळी चाचांनी मान वळवली. मामी रस्त्याकडेला हळद शिजवणाऱ्या बायकांत बसून गप्पा मारत होत्या, आणि मामा स्टिअरिंगवरच बसून होते.

सिद्धेश्वरला पोचल्यावर मी हळूच विचारलं, "मामी, लई तकलीफ झाली का?"

"दोनदाच गेले आत," मामी म्हणाल्या. "बाकीच्या घंट्या बघायच्या होत्या. पाच वर्षाचं बघायचं ऱ्हायलं होतं."

बहीण उंबऱ्यात उभी होती. दोघी किती तरी वेळ एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मग मामींनी तिचा हात धरून आधी संडास दाखवला. बहिणीनं आम्हालाही त्या दिवशी जाऊ दिलं नाही.

सकाळी परत निघालो. फाट्यावर आल्यावर मामांनी घराकडचा इंडिकेटर लावला. तेवढ्यात एक घंटी झाली. गाडी थांबली. फाट्यावर आम्ही गाडीला अगदी लागूनच होतो, तरी सवयीनं पाठ करून उभे राहिलो. पण केबिनचं दार काही वाजलं नाही.

सकाळची वेळ, रस्ता शांत, त्यामुळं मामींचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"ते चिंचेचं गाव इकडूनच हाय ना?"

मामा म्हणाले, "हाय. पण लांब हाय. मुक्काम पडंल."

टिण टिण.