चापड्याचा फोटो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर रानं तुडवली त्या मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतोय — पण मान खाली घालून नाही.

जुन्नरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पोट त्यावर. जीव मात्र सापांत, घोरपडींत. रानात जिथे असतील तिथेच टिपायचे. हात लावायचा नाही, हलवायचं नाही. हा नियम मीच पोरांना शिकवायचो. शिकवतो — हो, अजूनही.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला बुधाभाऊ राहतात. भाताची दोन खाचरं, आणि नजर अशी, की पानाआडचा साप चालता चालता दाखवतील. त्या श्रावणात सकाळीच त्यांनी कारवीच्या झुडपावर चापडा साप दाखवला. हिरवागार, विषारी. पण तोंड पलीकडे. तासभर थांबलो. हलेचना.

"भाऊ, फांदी जरा वळवा की," मी म्हणालो.

"नको राव. बसलाय तर बसू द्या. लई तापट जात हाय ती."

"एकदाच."

मग त्यांनी हात पुढे केला. का केला? मी सांगितलं म्हणून. दुसरं कारण नाही.

सापानं जबडा उघडला. आणि मी — इथेच दरवेळी अडतो — ओरडू शकलो असतो का? माझं बोट बटणावर होतं. ते दाबलं. साप डसला, भाऊ मटकन खाली बसले, आणि मी आधी कॅमेऱ्यात बघितलं, फोटो नीट आलाय का. मग धावलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? भाऊंनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "गवत कापताना चावला." भाऊंनी माझ्याकडे एकदा बघितलं. डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं आखडली ती आखडलीच. विळा धरता येत नाही.

फोटोला बक्षीस मिळालं. खाली मी लिहिलं होतं — 'जसा दिसला तसा.' कोपऱ्यात भाऊंचा हात आला होता. तो मी कापला.

लाज वाटते का? हात बघून वाटते. फोटो बघून नाही — तो चांगलाच आहे. तुम्हाला हे पटत नसेल, तर नका पटवून घेऊ.

भाऊंची बायको, हिरावहिनी, लावणी-कापणी आता एकट्या करतात. मी गाडीत घालून वेळेत नेलं म्हणून नवरा वाचला, असं त्या मानतात. दिवाळीनंतर नवा तांदूळ घेऊन एसटीनं जुन्नरला येतात. "भावजी, तुमी व्हता म्हणून हायेत हे." भाऊ कधी बरोबर येत नाहीत.

यंदाही आल्या. मी पिशवी घेतली, चहा पाजला, स्टँडवर सोडलं. दुपारी त्या तांदळाचा भात झाला. घरभर वास सुटला. मी दोनदा वाढून घेतला.