वाळूतला चपटा माग

सन दोन हजार चोवीस. मला त्या साली चौऱ्याहत्तरावं लागलं होतं, म्हणजे आधार कार्डावर. आई म्हणायची, त्यापेक्षा तू दोन वर्सांनी थोर हायेस. पण आईकडं कागद नव्हता. माझी शाळा तिसरीपर्यंतच. माग वाचायला मात्र मला कुठल्या मास्तरची गरज लागली नाही. बापानं मेंढरं राखली, मीही राखली. लांडगा कुठनं आला, एकटा होता का जोडीनं, हे मी मातीकडं बघून सांगायचो आणि ते खोटं निघायचं नाही.

आमचं रान कवठे महांकाळच्या पुढं, नदीच्या काठाला. नदी म्हणायची आपली, पाणी पावसाळ्यात चार दिवस. बाकी वर्षभर नुसती वाळू. पण त्या वाळूच्या पोटात ओल असते आणि त्या ओलीवर माझी विहीर जगते. वरच्या अंगाच्या गावानं वाळू जाऊ दिली. तिथल्या विहिरींत आता कबुतरं राहतात. म्हणून आमच्या गावात वाळूचा डंपर उतरला की आम्ही ना दगड मारायचो, ना शिव्या द्यायचो. चाकापाशी बसून हवा सोडायची आणि घरी येऊन भाकरी खायची. चालक बसतो बोंबलत. हवा सोडणाऱ्यांत मी पहिला. एकदा देवळात सगळ्यांच्या पुढं बोललोही होतो, "वाळूला हात लावणारा माझ्या घरचा असला तरी त्याची हवा सोडीन."

शिमग्याच्या आधी मला विहिरीपासून वीस पावलांवर चाकांचा माग दिसला. पलीकडच्या काठावरनं आलेला, अलीकडं चढलेला, आणि तसाच परत गेलेला. मी खाली बसून हात लावला. रुंदी माझ्या पसरलेल्या वितीएवढी, खोली एका पेराएवढी. डंपर असा जात नाही. डंपर वाळू फाडत जातो. भरलेली गाडी खोल रुतते, रिकामी उथळ. इथं जातानाचा माग उथळ आणि येतानाचाही उथळ. हे काय गौडबंगाल?

आणि सगळ्यात वाईट म्हणजे आवाज नाही. पहाटेपासून मी विहिरीवर असतो. न्याहारीला तेवढा घरी जातो, अर्ध्या तासात परत. घर काय लांब नाही, नदीत फटफटी आली तरी ऐकू येते. तेवढ्या वेळात कोण तरी गेलं आणि आलं. म्हणजे त्याला माझ्या न्याहारीची वेळ ठाऊक होती.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आवं, तुमाला मेंढरू खोकलं तरी चोर दिसतोय. आसंल कुणाची तरी बैलगाडी."

"बैलाचं खूर कुठं हाय मग? बैल काय उडत आलं?"

"मग भूत आसंल. जावा, भुताची हवा सोडा."

दुसऱ्या दिवशीही तेच. आता मी मागातली नक्षी नीट बघितली. मधी नागमोडी रेघ, कडंला चौकोन. ही नक्षी मी बघितली होती. दिवाळीत माझा जावई नवी गाडी दाखवायला घेऊन आला होता. छोटा ट्रक, पांढरा, विजेवर चालणारा. अंगणात आला तेव्हा कुत्रंसुद्धा उठलं नाही, इतका गुमान. मी त्याच्या चाकांना बोटानं टिचक्या मारून बघितल्या होत्या, तवा ती नक्षी डोळ्यांत बसली.

जावई पलीकडच्या काठावरच्या गावचा. फौजेत गाडीच चालवायचा, राजस्थानात बरीच वर्षं काढून पेन्शनीत आला. माणूस गोड बोलणारा. मला गोड बोलणाऱ्याचा भरवसा मुळात कमी. आता तर हा माणूस सासऱ्याच्या दारावरनं दोन दिवस जातोय-येतोय आणि घरात पाऊल ठेवत नाही. जावई सासुरवाडीचं दार कवा चुकवतो? त्याच्या हातून काहीतरी झालेलं असतं तवाच.

बायकोला नक्षीचं सांगितलं नाही. सांगून काय करू? देवळातला शब्द पाळायचा तर बोट लेकीच्या घरावर जाणार, आणि गिळायचा तर विहीर जाणार. भाकरी गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी न्याहारीला गेलोच नाही. काठावरच्या येड्या बाभळीत बसून राहिलो. माझ्या वेळेला, अगदी माझ्याच वेळेला, पलीकडच्या उतारावर पांढरा ट्रक उभा राहिला. मागं ताडपत्री घट्ट बांधलेली. जावई खाली उतरला, इकडं-तिकडं बघितलं आणि चाकापाशी उकिडवा बसला. फुस्स आवाज इथपर्यंत आला. मग दुसरं चाक. मग मागची.

मी गार पडलो. आपल्याच गाडीची हवा कोण सोडतं? ही तर आमची विद्या! डोक्यात झटक्यात सगळं जुळलं. गाडी नदीत आणायची, कुणी हटकलं तर म्हणायचं, गाडी बंद पडली हो, हवा गेली. आणि ताडपत्रीखाली वाळू भरायची. मला माझ्या अकलेचा अभिमानच वाटला.

गाडी मुंगीगत हळू वाळू ओलांडून विहिरीपाशी आली, तसा मी आडवा उभा राहिलो. जावई खाली उतरला, पाया पडला.

"मामा, न्याहारी झाली न्हाई वाटतं आज?"

"माझ्या न्याहारीची लय काळजी हाय तुमाला, पाव्हणं. ताडपत्रीखाली काय हाय?"

"द्राक्षं हायत."

"आन हवा का सोडली?"

"वाळू हाय म्हणून."

"वाळू हाय ते मलाबी दिसतंय. उघडा ताडपत्री."

त्यानं उघडली. क्रेटवर क्रेट, पिकलेली द्राक्षं. एक घड उचलून मी खाली हात घातला. खाली पण द्राक्षंच. तळापर्यंत चाचपलं. वाळूचा कण लागला नाही. पण माणूस इतक्यात हार मानतो होय?

"पुलावरनं का जात न्हाई?"

"पूल गेला न्हवं पावसाळ्यात. लांबून वळसा घातला तर घाट लागतोय. चार्जिंग जायाला पुरतंय, यायला पुरत न्हाई. द्राक्षं उतरवायचं शेड तुमच्या काठाला, हितनं पाच मिनिटांवर. नदीतनं चटकन हुतंय."

"आन दारावरनं जाता तर घरात का येत न्हाई?"

जावई खाली बघायला लागला. फौजेतला माणूस, मिशा एवढ्या मोठ्या, आणि पोरीगत लाजला.

"मामा, घरात आलो तर आत्या जेवल्याबिगर सोडतील का? पुरणाला डाळ टाकत्याल. तोवर द्राक्षं तापून चिकट हुतील. म्हणून तुमी न्याहारीला गेला की निघतोय. तुमी बघितलं असतं तर तुमीच हाताला धरून नेलं असतं."

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच मला राग आला. मग चाकांवर घसरलो. म्हटलं, चाळीस वर्षं टायरची बैलगाडी हाकलीय, ढिल्या टायरनं बैलाचा खांदा जातो. चाक कसं टणक पाहिजे. "भरा हवा. माझ्यासमोर भरा."

"मामा, रुतंल वो. बॅटरीचं वजनच लय हाय हिचं."

"सासऱ्याचं ऐकायचं नसंल तर तसं सांगा."

आता जावई काय बोलणार? त्यानं सीटखालनं हवा भरायचा छोटा पंप काढला आणि गुमान चारी चाकं टणक केली. मी टिचकी मारून बघितली. नारळावाणी वाजलं. "हां," म्हटलं, "आता हाणा."

दहा पावलं गेली नसंल. मागची चाकं गरकन फिरली आणि गाडी वाळूत बसली ती बुडापर्यंत. ऊन वर आलं होतं. घडांवर माशा बसायला लागल्या. जावयाच्या वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा त्या क्रेटांत होता, आणि तो मला एका शब्दानंही लागेल असं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यानं परत हवा सोडायला घेतली. मी बसून हातानं चाकांमागची वाळू उकरली. कुणी सांगितलं नव्हतं. चाकाचं पोट सुटलेलं बघितलं, म्हातारं मेंढरू बसल्यागत, खाली पसरलेलं.

"मामा," तो म्हणाला, "तुमी वाळूत उतरताना वहाणा काढून हातात का घेता?"

"टाच रुतती म्हणून."

"आन अनवाणी?"

मी खाली बघितलं. माझं अनवाणी पाऊल वाळूवर पसरलं होतं, त्या चाकागत. जन्मभर माझा पाय जे जाणत होता, ते डोक्याला ठाऊक नव्हतं.

त्यानं गाडीत बसून पाय हलकेच दाबला. गाडी काही न बोलता वर आली आणि काठ चढली. डांबरी लागायच्या आधी थांबून त्यानं परत हवा भरली. ढिल्या टायरनं डांबरीवर पळवली तर टायर तापून फाटतं म्हणाला. द्राक्षं वाचली. एक क्रेट तेवढं गेलं, ते मी घरी आणलं. बायकोनं विचारलं, कुणी दिलं? म्हटलं, भुतानं.

पण दिवसभर माझ्या डोक्यातला किडा गेला नाही. जावई चोर नव्हता, बरं झालं. पण ही विद्या जावयालाच येते असं थोडंच आहे? उद्या खरा चोर असाच येईल, आवाज न करता, वाळू न फाडता. माझे कान आणि माझे डंपरचे माग, दोन्ही निकामी. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला माग परत शिकायला पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी उजाडायला बाभळीची मोठी फांदी तोडली आणि लांडग्यासाठी बाप करायचा तसं विहिरीपुढची सगळी वाळू झाडून सपाट केली. चिमणी चालली तरी दिसावी अशी. मधी एक वाट जावयासाठी सोडली. मग किटलीत चहा घेऊन, त्याच वाटेनं वाळू तुडवत, पलीकडच्या काठाला जाऊन बसलो, म्हणजे त्याला घरात यायला नको. गाडी आली. तीन चाकांची हवा त्यानं सोडली, चौथ्याची मी. कुठपर्यंत सोडायची ते हातानं दाबून शिकलो. त्यानं चहा घेतला.

आणि तो कप विसळत होता तेवढ्यात ताडपत्री उचलून मी आत बघितलं. द्राक्षंच होती.