सरकत्या दाराची दोरी

आमच्या व्हॅनला दारं चार, पण कामाचं एकच. ड्रायव्हरच्या बाजूचं दार फक्त बाहेरून, किल्लीनंच उघडायचं. त्याच्या पलीकडचं आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी ठोकलं होतं, ते कायमचं बंद. मागच्या दाराला सुतारानं आतून कपाट बसवलेलं. राहिलं ते डाव्या बाजूचं सरकतं दार. ते जरा जोरात ओढलं की आतलं लॉकचं बटण धक्क्यानं आपोआप खाली पडायचं आणि गाडी बंद. मिस्त्री म्हणाला होता, "स्प्रिंग गेलीय सायेब. ह्या गाडीची आता मिळत न्हाय. दार हळू लावत जावा की." मी मान डोलावली. हळू करायची सवय मला कशातच नाही.

ही गाडी आधी शाळेच्या मुलांची ने-आण करायची. मी सरकारी कचेरीतला कारकून, जन्मभर दुसऱ्यांचे प्रवासभत्ते तपासलेला माणूस. आपणही फिरावं असं डोक्यात बसलं, म्हणून ती घेतली. बाकं काढून एका बाजूला पलंग केला, दुसऱ्या बाजूला ओटा, त्यावर एका शेगडीचा गॅस. जुळे सोलापुरात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. बायको येईल त्याला सांगायची, "घरात पाहुण्याला झोपायला जागा नाही आणि हे गाडीत बेडरूम करतायत." पण पहिल्याच फेरीला सगळ्यात आधी तीच चढून बसली होती.

त्याच फेरीत आम्ही बाहेर अडकलो. जेऊरच्या अलीकडे एका विहिरीवर मोटार चालू दिसली म्हणून अंघोळीला उतरलो. किल्ली आत, दोघांचे फोन आत, शेगडीवर दूध ठेवलेलं. मी दार ओढलं आणि टक्‌ असा आवाज आला. बायको ओल्या केसांनी बांधावर उभी, आणि काचेपलीकडे दूध वर येतंय, उतू जातंय, शेगडी विझतेय. शेवटी एका शेतकऱ्यानं काचेच्या रबरातून सायकलची तार घालून बटण वर उचललं. मग सगळीकडून हवा खेळती करून, गॅसचा वास गेल्यावरच आम्ही आत पाय ठेवला. "घर घेऊन फिरताय आन्‌ घराला कडी न्हाय व्हय?" असं तो म्हणाला. आम्ही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

घरी आल्यावर मी नियम केले. कारकुनाला दुसरं काय सुचणार. किल्ली हातात दिसल्याशिवाय दार ओढायचं नाही. दुसरी किल्ली कायम बायकोच्या गळ्यात, मंगळसूत्राला पिनेनं अडकवलेली. दोन्ही किल्ल्या एका जागी कधीच ठेवायच्या नाहीत. हे टाइप करून, प्लास्टिकमध्ये घालून मी दाराला चिकटवलं. आणि आतल्या बटणाला सुतळी बांधली. ती छताच्या हुकातून फिरवून पलंगावर लोंबती सोडली. आतून सुतळी खाली ओढली की बटण वर यायचं. माझ्या हातून झालेली ही एक शहाणपणाची गोष्ट.

पुढे वडिलांना अर्धांगवायू झाला आणि त्या सुतळीला खरी किंमत आली. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. माळशिरसकडचं शेत भावानं पाहायला घेतल्यावर ते आमच्याकडे आले होते. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. दोनच शब्द राहिले, व्हय आणि न्हाय. ते दोन मात्र पक्के होते. चहा हवा असला तर व्हय, नको असला तर न्हाय, त्यात कधी गडबड नाही. डॉक्टरसुद्धा त्याच दोन शब्दांवर त्यांना तपासायचे.

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत अण्णांचा जीव रमायचा नाही. गाडीत मात्र ते खुलायचे. मी आणि शेजारचे रिटायर्ड कंडक्टर त्यांना खुर्चीसकट खाली आणायचो, पलंगावर बसवायचो. उशाला काच, काचेबाहेर रस्ता. अक्कलकोटकडे जाऊ, पंढरपूरकडे जाऊ, ते नुसते शेतं बघत पडायचे. कुठल्या रानात काय पेरलंय हे त्यांना कळायचं आणि मला कळत नाही याचीही त्यांना मजा वाटायची. आम्ही दोघं चहाला उतरलो तर ते आत एकटे. म्हणून मी त्यांना सुतळी शिकवली. "अण्णा, दार बंद झालं तर दोरी ओढा." ते डाव्या हातानं ओढायचे, बटण टक्‌ करून वर यायचं, आणि अर्ध्या तोंडानं हसायचे. पंधरा-वीस वेळा करून घेतलं. नंतर नंतर तर ते उगाचच ओढायचे. त्यांच्या हातून अजून एक काम होत होतं.

त्या वर्षी खंडेनवमीला मी गाडी धुवायला काढली. आमच्या घरात खंडेनवमी मोठी. शेतात होते तेव्हा अण्णा विळ्या-कुऱ्हाडींपासून मोटेच्या जुन्या दोरापर्यंत सगळं मांडून पुजायचे. ज्यानं पोट चालतं ते एक दिवस देव, असा तो हिशोब. पूजा करून दुपारी गावी निघायचं, दसऱ्याला अण्णांच्या हातानं भावाला सोनं द्यायचं, असं ठरलं होतं. अण्णांना त्यांचा पांढरा सदरा घातला, टोपी घातली. ते सकाळी नवापासून गाडीत बसायचा हट्ट धरून होते, म्हणून त्यांना आधीच पलंगावर बसवलं.

गाडी धुताना सुतळी माझ्या डोळ्यांत खुपली. तेलकट हात लागून काळीकुट्ट झालेली. सणाच्या दिवशी हे घाणेरडं कशाला, म्हणून मी ती कापली. नवी पांढरी नाडी बांधणार होतो. नाडी वर घरात राहिली. हूक रिकामा दिसला म्हणून त्याला झेंडूची माळ लावली. छान दिसली. तशीच पलंगावर लोंबत होती.

मग ओट्यावर देवाचा फोटो मांडला, पुढे ताम्हण. ताम्हणात पाना, स्क्रू ड्रायव्हर, जॅकचा दांडा. आणि किल्ली. बायको नैवेद्य करायला आणि नारळ आणायला वर निघाली होती, तिला मी थांबवलं. म्हटलं, "तुझ्या गळ्यातली पण दे, तिचीही पूजा होऊ दे." तिनं पिन काढून दिली. दोन्ही किल्ल्यांना मी हळदकुंकू लावलं आणि शेजारी शेजारी ठेवल्या. माझाच नियम माझ्या डोळ्यांसमोर दाराला चिकटवलेला होता. त्याच्यावरही मी हळदकुंकवाची बोटं उमटवली.

समई वाऱ्यानं विझायला लागली. मी खिडक्यांच्या काचा लावून घेतल्या. चाकांखाली लिंबं ठेवायला उतरलो आणि वारा आत शिरू नये म्हणून दार ओढलं. टक्‌.

तो आवाज मी ओळखला. तरी दार दोनदा हिसडून पाहिलं. मग काचेवर हात मारला आणि म्हणालो, "अण्णा, दोरी ओढा." सवयीनं म्हणालो. दोरी मीच कापली होती हे त्या क्षणी डोक्यातच नव्हतं.

अण्णांनी डावा हात वर केला. रोजच्या जागी चाचपला. हाताला माळ लागली. त्यांनी ती ओढली, तुटली, आणि झेंडूची फुलं त्यांच्या अंगावर, पलंगावर, टोपीवर पडली. हातात नुसता दोरा राहिला. त्यांनी दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा हात वर नेला आणि रिकाम्या हुकाशी चाचपत राहिले.

त्यांना उभं राहता येत नव्हतं, बटणापर्यंत हात पोचत नव्हता. काच सरकवायची तर दोन्ही टोकांच्या खिट्ट्या एकदम दाबाव्या लागत, त्याला दोन हात हवेत. जेऊरनंतर काचांना मी नवं घट्ट रबर बसवून घेतलं होतं, त्यातून तार शिरणार नव्हती. ऊन साडेबाराचं. आत समई आणि उदबत्तीचा धूर.

मी किल्लीवाल्याला फोन लावला. मी म्हणालो, "गाडी लॉक झालीय, किल्ली आत आहे." तो म्हणाला, "कांच मत फोडो साब, पंधरा मिनट में आता मैं." आत माणूस आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचं उत्तर मी अजून शोधतोय. लाज वाटली असावी. स्वतःच्या बापाला कोंडून ठेवलं हे एका परक्या माणसाला फोनवर सांगायची लाज.

नारळ फोडायला आणलेला दगड चाकाजवळ होता. मी तो उचलला. शेजारचे कंडक्टर तोवर आले होते, आणखी दोघंतिघं जमले होते. कंडक्टर म्हणाले, "आजच्या दिवशी गाडीची काच फोडू नका. येतोय म्हणला की तो." मी दगड खाली ठेवला. दोष त्यांच्यावर ढकलायचा नाही. ते नुसतं बोलले, ठेवला मी. सकाळभर घासून लखलखीत केलेली गाडी, या मॉडेलची न मिळणारी काच, सणाचा अपशकुन, आणि जमलेल्या लोकांसमोर आपला मूर्खपणा इतका खणखणीत जाहीर होणं, हे सगळं माझ्या मनात एका पारड्यात होतं. दुसऱ्या पारड्यात अण्णा होते. हे लिहायला हात धजत नाही, पण तसंच होतं.

अण्णा सगळा वेळ काचेला तोंड लावून बघत बसले होते. माझ्यात आणि त्यांच्यात वीतभर अंतर. घामानं सदरा अंगाला चिकटला होता. मी खुणेनं सांगत होतो, थांबा, येतोय माणूस. त्यांचा श्वास काचेवर उमटत होता आणि पुसला जात होता. वीस-पंचवीस मिनिटं गेली. मग त्यांची मान एका बाजूला गेली आणि टोपी खाली पडली.

त्याच वेळी बायको नारळ आणि नैवेद्याचं ताट घेऊन जिन्यातून बाहेर आली. तिला कुणी काही सांगितलं नाही. तिनं एकदा आत पाहिलं, ताट जमिनीवर ठेवलं, दगड उचलला आणि सरकत्या दाराची काच फोडली. मला विचारलं नाही, थांबली नाही. दंडाला काचा लागलेल्या असतानाच हात आत घालून तिनं बटण वर केलं. तेवढं एक काम करायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही.

अण्णांना कंडक्टरांच्या मुलाच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. नेताना किल्लीवाला स्कूटरवरून येऊन पोचला. फुटलेली काच, पलंगावरची फुलं पाहून तो म्हणाला, "अंदर आदमी है बोलके बोले नै ना तुम. मैं नमाज का वखत होताय बोलके रुक्या था."

अण्णा वाचले. आठवड्यानं घरी आले, पण आलेला माणूस वेगळा होता. कुठलंही दार लावू द्यायचे नाहीत. खोलीचं नाही, न्हाणीघराचं नाही. दार नुसतं करकरलं तरी डावा हात वर जायचा आणि हवेत काहीतरी चाचपायचा. तो हात पाहिला की बायको स्वयंपाकघरात निघून जायची. आम्ही थंडीतही दारं सताड उघडी ठेवून झोपलो. छातीत कफ झाला तो झालाच. संक्रांतीनंतर ते गेले.

गाडी आवारात लिंबाखाली उभी आहे. फुटलेल्या काचेला प्लास्टिक लावलंय. विकून टाका, असं सगळे सांगतात. बायको सांगत नाही. दुसरी किल्ली तिनं पुन्हा गळ्यात घातलेली नाही.

जाण्याआधी काही दिवस, एका सकाळी मी अण्णांची दाढी करत होतो. साबण लावता लावता विचारलं. इतके दिवस ओठांवर येऊन परत जात होतं. म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी मी दगड उचलला आणि परत खाली ठेवला. ते तुम्ही बघितलं का?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. काचेतून पाहत होते तसंच, तेवढ्याच अंतरावरून. उत्तर द्यायला त्यांना एरवी इतका वेळ लागत नसे. माझा वस्तऱ्याचा हात तसाच थांबला होता.

"न्हाय," ते म्हणाले.

अण्णा माझ्याशी जन्मात कधी खोटं बोलले नव्हते. त्या सकाळी बोलले.